दुसऱ्या गटातली जागा

नागपूर,
दि. ९ नोव्हेंबर २००९

प्रिय शालिक यास,
पंचफुलाताईचा जय भीम.

मी इकडे बरी आहे. सुकेशनी आणि पोरी मजेत असतील. धान कापून झालं का, की अजून बांधीतच उभं आहे? तू फोन उचलत नाहीस म्हणून आमच्या नाटक कंपनीच्या गाडीवरच्या एकनाथजवळ हे पत्र देते आहे. गाडी वडशाला तुझ्या ठेल्यासमोरच थांबते, तेव्हा पत्र मिळालंच नाही असं तुला म्हणता यायचं नाही. राग असला तरी वाच. वाचून झाल्यावर पुन्हा रागव.

मला एक नवा शब्द आला आहे. अँटिऑक्सिडंट. नाटकातला संवाद पाठ करावा तसा मी तो घोकला. कंपनीतल्या पोरींना म्हणून दाखवला, तर त्यांना वाटलं नव्या खलनायकाचं नाव आहे.

झालं असं. दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत दातांच्या कॉलेजचे डॉक्टर आले होते, त्यांतल्या डॉक्टर मैथिली देवतळे यांनी मला नागपूरला बोलावलं. पोरगी वरोऱ्याची आहे, वयानं आपल्या थोरल्या भाचीएवढी. खुर्चीत बसवलं आणि म्हणाली, "ताई, तोंड उघडा."

"उघडलं आहे."

"अजून थोडं."

"डॉक्टर, हे दार एवढंच आहे," मी म्हटलं.

ती हसली नाही. तिनं माझीच दोन बोटं एकावर एक धरून माझ्या तोंडात घालून पाहिली. जात नाहीत रे. मला वाटत होतं वय झालं, आवाज बसला. मागच्या वर्षी आरमोरीच्या प्रयोगात मागच्या रांगेतून एक जण ओरडला होता, "बाई, तोंड उघडून गा ना, तिकीट काढलं आहे." सगळे हसले, मीही हसले. आता कळलं की गालाच्या आतली कातडी खर्र्यानं, त्यातल्या सुपारी-तंबाखू-चुन्यानं वाळत जाते, चामड्यासारखी ताठ होते, मग जबडा सुटत नाही. तिखट झोंबतं तेही त्यानंच. मी उगाच हॉटेलवाल्यांना शिव्या देत होते.

या पोरीचा एक अभ्यास चालला आहे. माणसाच्या अंगात रोजच काही ना काही खराबी होत असते, आणि ती रोखणारी काही द्रव्यं रक्तात असतात. त्यांनाच तो माझा शब्द. मी तिला म्हटलं, म्हणजे आमच्याकडे धानाच्या बांधीवर डुकरं हाकलायला जागलीवर माणूस बसतो तसं. ती म्हणाली, तसंच. मग मीच पुढं म्हटलं, की मी वीस-पंचवीस वर्षं रोज डुकरांचे कळप सोडले, तर जागलीवाला किती दिवस पुरणार? तिनं हे वहीत लिहून घेतलं. म्हणाली, सरांना सांगते.

तर ती तीन गटांचं रक्त घेते. पहिला गट धडधाकट लोकांचा, ज्यांनी कधी काही तोंडात टाकलं नाही. दुसरा माझ्यासारख्यांचा, ज्यांचं तोंड आखडलं आहे पण पुढचं काही झालेलं नाही. तिसरा ज्यांना तोंडाचा कॅन्सर झाला आहे त्यांचा. तिघांच्या रक्तातले जागलीवाले मोजायचे आणि पाहायचं, कुठं किती उरलेत. मला दुसऱ्या गटात धरलं आहे. नक्की गट अहवाल आल्यावर ठरतो म्हणाली. गालाच्या आतून नखाएवढा तुकडा काढून तपासायला पाठवला आहे. दुखलं नाही. ते जाऊ दे.

मला किती बरं वाटलं ते तुला कसं सांगू. आजवर माझ्या अंगातलं जे काही कुणाच्या कामी आलं ते रंग लावूनच आलं. इथं एक शिकलेली पोरगी नळी उजेडाकडे धरून माझं रक्त असं पाहत होती, जणू सोनं गाळलं आहे.

आता तुझं काम. तिचा पहिला गट अडला आहे. नागपुरात माणसं मिळतात, पण तिला आपल्याच भागातली, आपल्या वयाची, आपल्यासारखं जेवणारी हवीत. मी म्हटलं, माझा भाऊ आहे ना. खर्रा विकतो, पण आजवर एक पुडी त्यानं तोंडात टाकलेली नाही. तिला ते फारच आवडलं. तू ये. काही लागत नाही, दंडाला जरा टोचतात. त्याआधी नेमाप्रमाणे तोंड पाहतात, ते सगळ्यांचंच पाहतात.

मंडईत डॉक्टरांचा मंडप तुझ्या ठेल्याला लागूनच पडला आणि मी त्यात तोंड दाखवायला गेले. तू सगळ्यांदेखत म्हणालास, "ताई, माह्या पोटावर कावून पाय देऊन राहिली?" त्यावर मी आज काही लिहीत नाही. त्या दिवशी सुकेशनीनं झिंग्यांची भाजी केली होती आणि तू दूधभात खाल्लास, पोट बरं नाही म्हणून. आता पोट बरं आहे ना?

तोंड उघडायचा व्यायाम दिला आहे. आइस्क्रीमच्या काड्या एकावर एक रचून दातांमध्ये धरायच्या आणि जमेल तशी एक-एक वाढवायची. कंपनीतली पोरं आइस्क्रीम खाऊन काड्या माझ्याकडे आणून देतात. अशा थंडीच्या दिवसांत.

ये रे.

तुझी,
पंचफुलाताई

*

ब्रह्मपुरी मुक्काम,
दि. ४ जानेवारी २०१०

प्रिय शालिक,
जय भीम.

एकनाथनं तुझा निरोप दिला. "तिले सांग, माह्याजवळ जास्तीचं रक्त नाही." मी हसले. एकनाथला वाटलं मी रडेन, तो बिचारा पाणी घेऊन उभा होता.

तू नाही म्हणालास म्हणून मी बसून राहिले नाही. डॉक्टरांचा पहिला गट भरायचा विडा मीच उचलला. तुला सांगते, सोन्याची खाण सापडेल, पण आपल्या झाडीपट्टीत चाळिशीचं स्वच्छ तोंड सापडणार नाही. आधी कंपनी तपासली. बगमारे मालकांनी सगळ्यांना रांगेत उभं केलं. ऑर्गनवाला, तबलजी, पडदा ओढणारा, हिरो, हिरोचा बाप, सगळ्यांच्या गालात पुडी. हिरॉइन म्हणाली, "मी तर नुसती सुपारी खाते," आणि डॉक्टर म्हणाल्या, सुपारीच तर मुख्य. मालक सगळ्यांवर ओरडले, ओरडताना त्यांच्या स्वतःच्या तोंडातला खर्रा बाहेर आला. मग शाळेतले एक गुरुजी शपथ घेऊन तयार झाले. नाक पुसायला रुमाल काढला, तर त्यातून पुडी पडली. म्हणाले, ही माझी नाही, हेडमास्तरांची आहे.

शेवटी महानुभाव पंथाची दोन घरं सापडली. एकाच घरातून पाच जण मिळाले, मी तर त्या घरातल्या आजींच्या पायाच पडले. मग बँकेतले एक शिपाई, पोस्टातल्या एक बाई, आणि एक मिस्त्री, ज्याला लहानपणी बापानं पुडीसाठी इतकं मारलं होतं की त्यानं पुन्हा हात लावला नाही. रविवारी गाडी करून सगळ्यांना नागपूरला नेलं. गाडीत मी गाणी म्हटली. काड्यांच्या व्यायामानं तोंड थोडं सुटलं आहे, वरचा सूर जातो आता. डॉक्टर मैथिली दारात उभ्या होत्या. एवढी माणसं उतरताना पाहून त्यांनी तोंडावर हात ठेवला. त्यांचे सर आतून पाहायला आले. म्हणाले, "बाई, तुम्ही आमच्याकडे नोकरी करता का?" मी म्हटलं, माझा सीझन संपू द्या.

खर्रा मी मंडईपासून तोंडात घातलेला नाही. पहिला आठवडा फार वाईट गेला. ग्रीनरूममध्ये कुणी घोटायला लागलं, ती पन्नीवर तळहात घासल्याची चरचर ऐकली, की मी उठून बाहेर जायचे. आता वास आला तरी चालतं.

हे सगळं मी लांबवते आहे हे तुला कळलं असेल. तू लहानपणापासून मला ओळखतोस, मी गोष्ट लांबवली की आई तुला बाहेर पाठवायची.

त्या तुकड्याचा अहवाल आला. डॉक्टर मैथिली मला आत घेऊन गेल्या, दार लावलं, आणि टेबलावरची पेनं सारखी करत बसल्या. मीच म्हटलं, "डॉक्टर, आमच्या नाटकात वाईट बातमी आणणारा दूत लगेच बोलून टाकतो, नाहीतर प्रेक्षक शिट्या मारतात."

त्या म्हणाल्या, "ताई, तुमचा गट बदलावा लागतो आहे."

दुसऱ्यातून काढून कुठल्या गटात टाकलं ते मी लिहीत नाही. गट तीनच आहेत, आणि पहिल्यात मला कोण घेणार?

लहान आहे म्हणतात. डाव्या गालात, आतल्या बाजूला. वेळेवर सापडलं असं तिथल्या मोठ्या डॉक्टरांनीही सांगितलं. १८ तारखेला ऑपरेशन आहे. गालाचा तेवढा भाग काढतील, मानेतल्या गाठी काढतील, मांडीची कातडी लावतील, मग किरणांचा शेक देतील. आवाज राहील म्हणाले. मी तीन वेळा विचारलं, तिन्ही वेळा हो म्हणाले.

मालकांना सांगितलं आहे. ते ऐकून उठले. बाहेर जाऊन गाडीच्या चाकावर लाथा मारत होते, हे एकनाथनं पाहिलं.

रडूबिडू नकोस, मी रडत नाही. गंमत सांगू? माझं रक्त अहवाल यायच्या आधीच घेतलेलं होतं. डॉक्टरांनी तीच नळी एका खणातून काढून दुसऱ्या खणात ठेवली. रक्त तेच, मी तीच. मला वाटलं, त्या नळीनं माझ्या आधी मुक्काम हलवला.

पहिल्या गटात अजून एक जागा रिकामी आहे. ती मी डॉक्टरांना भरू दिलेली नाही. तू १७ ला ये. रक्त दे आणि हवं तर लगेच परत जा. माझ्यासाठी थांबायला नको, ठेला बंद राहील. पण ये मात्र. तोंड दाखवल्याशिवाय रक्त घेत नाहीत, हे परत सांगते. दाखव.

तुझी ताई,
पंचफुला

*

आरमोरी,
दि. ११ एप्रिल २०१०

शालिक,
जय भीम.

चौदा तारखेच्या मिरवणुकीची तयारी सुरू झाली आहे, समोरच्या बौद्ध विहारात पोरं निळी तोरणं लावत आहेत. मला अजून फार बोलता येत नाही. येतं, पण तोंड दुखतं, म्हणून लिहिते. आणि आज जे सांगायचं आहे ते फोनवर सांगून फुकट घालवायचं नाही.

डॉक्टर मैथिलींचा फोन आला होता. पण थांब, क्रमानं सांगते.

तू १७ ला आलास ते मी खिडकीतून पाहिलं. पांढरा शर्ट घालून आला होतास, लग्नाला आल्यासारखा. मी बाहेरच्या बाकावर बसले होते आणि मधला तो लाकडी पडदा काही फार जाड नव्हता. तुला वाटतं मी काही ऐकलं नाही. सगळं ऐकलं.

डॉक्टरांनी विचारलं, "खर्रा खाता?"

"नाही जी. विचारा ना कोणालेही. आजवर पुडी टाकली नाही."

बॅटरी लावल्याचा खटका ऐकू आला. मग त्या म्हणाल्या, "मग हे दोन्ही गालांत पांढरं कशानं पडलं?"

"कोठं? असन काही लागलं."

"भाऊ, नीट सांगा."

"चाखतो फक्त. घोटला का चुना बरोबर बसला का नाही, पाहाले लागते ना. गिऱ्हाईक शिव्या देते. चाखतो न् थुकतो. त्याले खाणं थोडीच म्हणते कोणी."

"दिवसातून किती वेळा चाखता?"

तुझा ठेला वडशाच्या बसस्टँडवर आहे, सकाळपासून रात्रीपर्यंत पन्नी घासणं चालूच असतं. मी बाकावर बसून मोजायला लागले आणि मग मोजणं सोडून दिलं.

तू बाहेर आलास. शर्टाची बाही दुमडलेली, दंडावर कापूस. माझ्या शेजारी बसलास आणि खाली बघत म्हणालास, "पहिल्या गटात घेत नाही म्हणते मले."

"मग?"

"तू आधी होती त्याच्यात."

तेव्हा सांगितलं नाही ते आज लिहिते. शालिक, मला माहीत होतं. मंडईच्या दिवशी तू झिंग्यांची तिखट भाजी बाजूला सारलीस आणि दूधभात घेतलास तेव्हाच कळलं. पोटाचं निमित्त मीही तीन वर्षं सांगत होते. सुकेशनीला विचारलं तर म्हणाली, आता वर्षभर मिरची चालत नाही त्यांना, घरात सगळ्यांचीच भाजी मिळमिळीत झाली. तुला सरळ तपासायला ये म्हटलं असतं तर तू आला असतास? मंडईतला मंडप तुझ्या ठेल्याला लागून होता, तू तिकडे पाहिलंही नाहीस. पण ताईला धडधाकट माणसाचं रक्त हवं, म्हटल्यावर नाक वर करून का होईना येशील, एवढी तुझी ओळख आहे. पहिल्या गटातली ती रिकामी जागा कधीच भरली होती. पोस्टातल्या बाईंच्या नणंदेनं भरली. डॉक्टरांना मी काही खोटं बोलायला लावलं नाही, त्यांनी नेमाप्रमाणे तोंड पाहिलं.

मग तू थांबलास. लगेच परत जा म्हटलं होतं, तर नऊ दिवस राहिलास. नळीतून पेज घालायला शिकलास. सिस्टरनं तुला बाहेर काढलं की जिन्यात जाऊन बसायचास आणि तिथं काड्या दातांत धरायचास. हे मला शेजारच्या खाटेवरच्या आजींनी सांगितलं. "तुमचा भाऊ जिन्यात तोंडात लाकडं घालून बसते, डोकं ठीक आहे ना त्याचं?"

आता डॉक्टरांचं सांगते.

अभ्यास पूर्ण झाला. गेल्या सोमवारी मी शेकाच्या तपासणीला गेले होते, तेव्हा त्यांनी मला कॉम्प्युटरवर दाखवलं. तीन उभे खांब. पहिला उंच, आमच्या महानुभाव आजींचा आणि मिस्त्रीचा. दुसरा त्याच्याहून ठेंगणा. तिसरा सगळ्यात बुटका. इतकं स्पष्ट, की मला चष्माही लागला नाही. जागलीवाले असे पायरीपायरीनं कमी होत जातात. डॉक्टरांचे डोळे चमकत होते. त्यांच्या सरांनी सगळी आकडेमोड दोनदा करून घेतली, उत्तर तेच आलं. त्या म्हणाल्या, "ताई, निम्मा पहिला गट तुमचा आहे." मी त्या बुटक्या खांबाकडे पाहत होते. म्हटलं, यातही मी आहे. एकाच नाटकात दोन भूमिका.

मी त्यांना विचारलं, खांब बुटका म्हणून रोग होतो की रोग झाला म्हणून खांब बुटका? त्या म्हणाल्या, हे आमच्या सरांनाही अजून नक्की सांगता येत नाही. एका माणसाच्या आकड्यावरून त्याचं भविष्य सांगायचं नसतं, असंही बजावलं. मला ते आवडलं. जे माहीत नाही ते माहीत नाही म्हणणारी माणसं कमी असतात.

पण हे ऐक. ज्यांनी खर्रा सोडला त्यांचं रक्त काही महिन्यांनी पुन्हा घ्यायचं, असं त्यांनी मागाहून ठरवलं होतं. तू एक तारखेला जाऊन देऊन आलास आणि "आकडा आला का ताईले सांगा, मले समजत नाही" म्हणालास. काल आला.

वर गेला आहे, शालिक. जानेवारीपेक्षा चांगलाच वर. पहिल्या खांबाएवढा नाही, पण त्या दिशेला. मी फोनवर डॉक्टरांना तीनदा वाचायला लावलं. त्यांनी दिलेल्या गोळ्यांनी, भाजीपाल्यानं, की खर्रा सुटल्यानं, ते त्या सांगत नाहीत, सगळ्यांनी मिळून म्हणतात. तोंडही अर्ध्या बोटानं जास्त उघडलं म्हणे. फोन ठेवल्यावर मी घरात एकटीच होते. उठून पदर खोचला आणि अंगणात एक गिरकी घेतली. मान अजून वळत नाही, म्हणून सगळं अंगच वळवावं लागलं. समोरची तोरणं लावणारी पोरं बघत राहिली.

सुकेशनी सांगत होती, तू ठेल्यावर आता चाखत नाहीस, आणि चुना जास्त पडतो म्हणून गिऱ्हाईक तुटायला लागलं आहे. एकानं पुडी तुझ्या अंगावर फेकली म्हणे. ठेला बंद कर असं मी म्हणणार नाही, पोरींची शाळा त्यावर आहे हे मला कळतं. मालकांनी सांगितलं आहे की पुढच्या सीझनला कंपनीच्या तंबूबाहेर चहा-भजीचं दुकान लागेल, आणि ते घरच्या माणसानं चालवावं. तू विचार कर. भज्यांत मिरची तूच चाखायची आहे, लवकरच.

माझ्या चेहऱ्याचं विचारलंस. डावीकडून ओढला आहे. हसले की एकच बाजू हसते. मालक बघायला आले तेव्हा मी दार अर्धंच उघडलं, पण ते आत आले, खुर्ची ओढून समोर बसले आणि माझा चेहरा दोन्ही बाजूंनी पाहिला. मग म्हणाले, "पंचफुला, वीस वर्सं तू हिरोची आई करून राहिली. आता तुले खाष्ट सावकारीण देतो. असं थोबाड मेकअपनं होत नाही." मला इतका आनंद झाला की मी रडले. मी किती वर्षं ती भूमिका मागत होते तुला माहीत आहे. दसऱ्यानंतर तालीम. गाणं एकच आहे, पण खालच्या पट्टीतलं, जमेल.

दर महिन्याला दाखवायला जायचं आहे, दोन वर्षं तरी. काही परत उगवलं का ते पाहतात. त्याबद्दल मला काही विचारू नकोस. विचारलंस तर मी गोष्ट लांबवीन.

तुझी पुढची तारीख तीन मे आहे. काड्या चुकवू नकोस. मी ज्या गटात होते तिथून परतायला वाट आहे, हे तुझ्या रक्तानं दाखवलं. ती वाट माझ्या वेळेला मला कुणी दाखवली नाही, म्हणून तुझ्या मागे एवढी लागले. तू पहिल्या गटात जाऊन पोच. मी जिथं आहे तिथून तुला जाताना बघते आहे, आणि मला फार मजा येते आहे.

तिसऱ्या गटातून,
तुझी ताई